काट्यासकट

मराठवाड्यातल्या आठवडी बाजारात एक कोपरा असा असतो, की तो कुणाला विचारावा लागत नाही. नाक नेतं तिकडं जायचं. कळंब घ्या, उमरगा घ्या, परंडा घ्या. भाजीच्या राशी संपतात, दोरखंड-चाबूकवाले मागं पडतात आणि गोणपाटावर ओतलेले दोन ढीग दिसतात. एक गुलाबी-मातकट, भुश्यासारखा हलका. ती सुकट. दुसरा वाळक्या काटक्यांच्या मोळीसारखा. ते बोंबील. बाजूच्या टोपलीत मिठानं पांढरे पडलेले खारे बांगडे. विकणारी बाई माप भरते, वर मूठभर आणखी टाकते आणि पिशवीला गाठ मारताना सांगते, “ताई, डब्यात ठेवा हां, मांजर बसू देणार नाही.”

धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. किनारा एसटीनं रात्रभराच्या वाटेवर. मासा मात्र आहे: माकणीच्या निम्न तेरणा धरणात, परंड्याकडच्या सीना-कोळेगावात चिलापी, रोहू, कटला निघतात. पण वैशाखात सकाळी जाळ्यातून काढलेली चिलापी दिवे लागेपर्यंत नाक मुरडायला लावते. त्याच घरात, त्याच उन्हाळ्यात, अरबी समुद्रातून आलेला बोंबील फळीवरच्या डब्यात चार-सहा महिने निवांत पडून असतो. आणि दिवाळीला पुण्याहून आलेला भाचा बॅगेतून तारलीचा पत्र्याचा डबा काढतो, त्यावर छापलेली तारीख दोन-तीन वर्षं पुढची असते. फ्रिजचं नावही नको.

म्हणजे एक मासा एक दिवस, दुसरा काही महिने, तिसरा काही वर्षं. तिन्ही मासेच, मग हा फरक आला कुठून?

नासवतं कोण?

मासा मेला की त्याच्यावर दोन बाजूंनी हल्ला होतो. पहिला घरातूनच. माशाच्या पोटात अन्न पचवणारे रस असतात. जीव गेल्यावर त्यांना आपलं-परकं कळत नाही, ते माशाचंच मांस पचवायला घेतात. म्हणून पोट साफ न केलेला मासा पोटाकडूनच आधी फुटतो. दुसरा हल्ला जंतूंचा. कल्ल्यांत, खवल्यांवर, आतड्यांत ते आधीपासून असतातच. बोकडाच्या मांसात धागे घट्ट विणलेले असतात, माशाचं मांस त्यामानानं सैल आणि पाणीदार. जंतूंना आत शिरायला वेळ लागत नाही. उस्मानाबादी शेळीचं मटण आणि तेरणेतली चिलापी एकाच वेळी उघड्यावर ठेवली तर आधी काय वास मारेल, हे सांगायला शास्त्रज्ञ नको.

या जंतूंना जगायला पाणी लागतं, ऊब लागते आणि माशापर्यंत पोहोचायला वाट लागते. फ्रिज ऊब काढून घेतो. ऊन आणि मीठ पाणी काढून घेतात. पत्र्याचा डबा आत असतील त्यांना मारून टाकतो आणि बाहेरच्यांची वाट बंद करतो.

उन्हानं केलेली राखण

ज्या घरात कुरडया, पापड, सांडगे वाळतात त्या घराला सुकटीचं शास्त्र वेगळं शिकवावं लागत नाही. ओला चीक दुसऱ्या दिवशी आंबतो, वाळलेली कुरडई वर्षभर राहते. आतलं पाणी गेलं की जंतूंचा कारभार थांबतो. मीठही हेच करतं. लोणच्याच्या कैरीला मीठ लावून ठेवलं की तासाभरात पातेल्यात खार सुटतो. ते पाणी कैरीतून मिठानं ओढलेलं असतं. जंतूंच्या अंगातलं पाणीही मीठ असंच ओढतं. शास्त्रात याला एक माप आहे: पदार्थात एकूण पाणी किती, यापेक्षा जंतूंच्या हाती लागेल असं मोकळं पाणी किती. मधात, पाकात, लोणच्यात पाणी असतंच, पण ते साखरेनं किंवा मिठानं धरून ठेवलेलं असतं. म्हणून ते टिकतात.

बोंबलाला मिठाची गरज पडत नाही. वसई, उत्तन, वर्सोव्याच्या किनाऱ्यावर बांबूंचे मांडव घालून आडव्या दोऱ्या ताणतात. ताज्या बोंबलाच्या जोड्या करतात: एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, धुण्यासारखी. ना चिमटा, ना गाठ. खारा वारा आणि ऊन पुढचं काम करतात. ताज्या बोंबलात शंभर भागांत पाणीच अठ्ठ्याऐंशीच्या आसपास, म्हणजे मासा कसला, जेलीच! वाळून पाणी पंधरा भागांवर आलं, तर साधा हिशेब सांगतो की एक किलो सुका बोंबील करायला जवळपास सात किलो ताजा लागला. बाजारातल्या त्या काटक्या हलक्या लागतात, पण प्रत्येकीत सात पट मासा दाटलेला असतो.

वाळवण्याची ही विद्या किनाऱ्याचीच आहे असं मात्र नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या खामसवाडीचे शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकघराची नोंद केली. मांसाच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवलेल्या चान्यांची परंपरा याच स्वयंपाकघरातली. तत्त्व बोंबलाचंच: पाणी काढा, दिवस वाढवा. ज्यांच्या वाट्याला अन्न कधी भरपूर तर कधी शून्य यायचं, त्यांना टिकवण्याचं शास्त्र पुस्तकातून शिकायला सवड नव्हती. आणि ज्यांच्याकडं ते होतं त्यांच्याच वाट्याला वासाची हेटाळणीही आली. आजही शहरात खोली भाड्यानं घेताना ‘बोंबील-बिंबील चालणार नाही’ हे वाक्य भाड्याच्या आकड्याआधी ऐकू येतं.

जाता जाता: समुद्राकडचा माल या भागात येणं नवं नाही. जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी-वहीत तगर पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलं आहे, आणि समुद्रकाठच्या मुलखातून आलेला माल तिथं जमतो असंही म्हटलं आहे. वहीत सुकटीचा उल्लेख नाही. असता तर मला फार बरं वाटलं असतं.

तारली डब्यात का गेली, बोंबील दोरीवर का?

किनाऱ्यावर तारलीचा थवा आला की इतकी येते, की एकेकाळी ती नारळाच्या आळ्यात खत म्हणून टाकत. इतकी स्वस्त मासळी, मग ती बोंबलासारखी वाळवून कळंबच्या बाजारात का दिसत नाही?

याचं उत्तर खोबऱ्याच्या वाटीत आहे. सुकं खोबरं किंवा सोललेले शेंगदाणे उघड्यावर फार दिवस राहिले की खवट होतात. जंतू काही करत नाहीत. हवेतला प्राणवायू तेलाला धरतो. तारली तेलकट मासा. तिच्या तेलाचं कौतुक डॉक्टर करतात, ओमेगा-३ म्हणतात ते हेच, पण हे तेल शेंगदाण्याच्या तेलापेक्षाही लवकर खवटतं. उन्हात टाकली की पाणी जातं खरं, तेल मात्र उघडं पडतं. खाऱ्या बांगड्यावर कधी कधी पिवळट-तांबूस झाक दिसते, ती याचीच खूण. बोंबलात आणि सुकटीत तेल नावाला, म्हणून ते उन्हाला मानवतात. तेलकट माशाला हवा न लागणारी जागा हवी. पत्र्याच्या डब्यात तीच मिळते.

बंद डब्याची गोष्ट

युद्धावरच्या सैन्याचं अन्न टिकावं म्हणून फ्रेंच सरकारनं बक्षीस लावलं होतं. निकोला अपेर नावाच्या मिठाईवाल्यानं काचेच्या बरण्यांत अन्न भरलं, बुचं घट्ट लावली आणि बरण्या पाण्यात तासन्‌तास उकळल्या. अन्न महिनोन्‌महिने टिकलं. १८१० साली त्याला बारा हजार फ्रँक मिळाले आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पत्र्याच्या डब्याचं पेटंट झालं. गंमत अशी, की हे का टिकतं ते अपेरला ठाऊक नव्हतं. जंतूंचा हिशेब लुई पाश्चरनं मांडला तो पन्नासेक वर्षांनी. डबा उघडायची चांगली किल्लीही जवळपास तितकीच उशिरा आली. तोवर लोक छिन्नी-हातोडी घेऊन जेवायला बसत.

आज कारखान्यात काय होतं? डोकं आणि पोट काढलेली तारली डब्यात रचतात, वाफेवर थोडी शिजवून सुटलेलं पाणी काढून टाकतात. मग तेल, मिठाचं पाणी किंवा टोमॅटोचा रस ओततात, आतली हवा काढतात आणि झाकणाची कड डब्याच्या कडेत दुहेरी मुडपून दाबतात, आपण करंजीची कड मुडपतो तशी. हा सांधा डब्याचा प्राण. त्यानंतर बंद डबे मोठ्या प्रेशर कुकरमध्ये जातात.

कुकर इथं उपमा म्हणून आला नाही, तो खरोखर कुकरच असतो. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांच्या वर तापत नाही, कितीही जाळ घाला. वाफ कोंडली की दाब वाढतो आणि तापमान १२०-१२१ अंशांवर जातं. घरच्या कुकरचंही शिट्टीच्या वेळी साधारण तेवढंच असतं. एवढा आटापिटा एका जंतूसाठी. त्याचं नाव क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. तो हवा नसलेल्या जागीच वाढतो, म्हणजे बंद डबा त्याला माहेरच! संकटात तो बीजासारखा कवचात जाऊन बसतो आणि ही बीजं तासभर उकळूनही मरत नाहीत. १२१ अंशांना मात्र तीनेक मिनिटांत संपतात, पण ती उष्णता डब्याच्या अगदी गाभ्यातल्या घासापर्यंत पोहोचली पाहिजे. त्याचं विष माणसाचे स्नायू लुळे पाडतं, म्हणून इथं हयगय चालत नाही.

एक गोष्ट या कुकरलाही जमत नाही. मासा डब्यात जाण्याआधीच उन्हात पडून राहिला असेल तर त्यात हिस्टामिन नावाचं द्रव्य साठतं. ते खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात. उष्णतेनं जंतू मरतात, हिस्टामिन तसंच राहतं. डबा शिळ्याचा ताजा करत नाही.

काटा कुठं गेला?

पहिल्यांदा तारलीचा डबा फोडणारा माणूस सवयीनं काटे शोधतो. मधला कणा दिसतो, पण जिभेवर येतो तेव्हा ओल्या खडूसारखा विरघळतो. तो काढून ताटाच्या कडेला लावला, तर डब्याच्या किमतीतला चांगला भाग टाकून दिला असं समजायचं.

हाड म्हणजे स्लॅब. कॅल्शियमचं काँक्रीट आणि त्यात कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या सळया. पायाचा रस्सा सकाळी थिजलेला पाहिला असेल. हाडा-सांध्यांतलं कोलॅजन शिजून रशात उतरतं आणि गार झाल्यावर खरवसासारखं घट्ट होतं. कारखान्याच्या कुकरमध्ये माशाच्या बारीक काट्यांचंही तेच होतं. सळया वितळतात, काँक्रीट भुसभुशीत होऊन तिथंच राहतं. कॅल्शियम कुठं जात नाही, ते फक्त चावण्याजोगं होतं.

म्हणून शंभर ग्रॅम डब्यातल्या तारलीत, काट्यासकट, कॅल्शियम साडेतीनशे ते चारशे मिलिग्रॅमच्या घरात असतं. दुधात शंभर ग्रॅमला एकशेवीसच्या आसपास. मोठ्या दुकानात तारलीशेजारी ट्यूनाचा डबा दिसतो आणि तो जास्त रुबाबदार. पण ट्यूना मोठा मासा, त्याचे काटे काढून नुसत्या मांसाच्या फोडी भरतात. त्यात कॅल्शियम नावालाच. हाडांसाठी पैसे मोजायचे तर लहान माशावर मोजावेत. याच न्यायानं बोंबील काट्यासकट आणि सुकट अख्खी पोटात जाते.

भाकरीला काय कमी पडतं

ज्वारीला नावं ठेवणारा मी नव्हे. पण तिच्यात दोन उणिवा आहेत.

शरीर प्रथिनं जशीच्या तशी वापरत नाही, त्यांचे तुकडे करून स्वतःच्या मापानं पुन्हा शिवतं. हे तुकडे वीस तऱ्हांचे. ब्लाउज शिवताना बाहीचं कापड कमी पडलं तर अंगाचं कितीही उरलं तरी ब्लाउज होत नाही. ज्वारीत लायसिन नावाची ‘बाही’ तोकडी आहे. डाळीत ती मुबलक असते, म्हणून भाकरी-वरण हे जोडपं जमतं. माशातही ती भरपूर.

दुसरी उणीव लोहाची. ज्वारीत लोह आहे, पण दाण्यातली फायटेट नावाची द्रव्यं त्याला धरून बसतात, आतडं ते ओढून घेऊ शकत नाही. माशाचं मांस त्याच घासाबरोबर गेलं की भाकरीतलं लोहही जास्त शोषलं जातं. वर लिंबू पिळलं तर आणखी. आणि बी-१२ हे जीवनसत्त्व तर वनस्पतीत सापडतच नाही. ना डाळीत, ना मेथीत, ना हुरड्यात. मोठ्या माणसाला दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम पुरतं. शंभर ग्रॅम डब्यातल्या तारलीत ते आठ-नऊ मायक्रोग्रॅम असतं.

आता पैशाचं बोलू. सुक्या बोंबलात शंभर ग्रॅमला साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. ताटात पडतात जेमतेम पंचवीस ग्रॅम बोंबील, म्हणजे चार-पाच काटक्या. त्यातून पंधरा ग्रॅम प्रथिनं, अडीच अंड्यांइतकी. शंभर ग्रॅमच्या पुडीत चार माणसं जेवतात. डब्याचं गणित वेगळं. झाकणावर दोन वजनं असतात: एकूण आणि निथळलेलं, म्हणजे तेल-पाणी सोडून नुसत्या माशाचं. दोनशे ग्रॅमच्या डब्यात एकशेवीस ग्रॅम मासा असेल तर भाव एकशेवीसनं भागायचा. असा भागला की आपल्या बाजारात सुकटच स्वस्त पडते, यात मला शंका नाही. डबा कामाचा तो वसतिगृहातल्या पोरासाठी, एकट्यानं राहणाऱ्या मास्तरांसाठी, रात्रपाळीहून आलेल्या नर्सबाईसाठी. निवडणं नाही, धुणं नाही, आणि भाजण्याचा वास गल्लीभर जात नाही. शहरातल्या घरमालकापुरता हाही एक फायदाच.

चौकट: घेताना आणि ठेवताना

सुकट: मुठीत दाबून सोडावी, मोकळी पडली तर चांगली, गोळा राहिली तर ओल धरली आहे.
बोंबील: वाकवल्यावर कडकन मोडावा. बारीक भोकं आणि खाली भुकटी दिसली तर किडा लागला आहे.
घरी: पाऊस लागण्याआधी एक कडक ऊन द्यावं, मग घट्ट झाकणाच्या डब्यात. जून-जुलैत राज्यात यांत्रिक बोटींची समुद्रातली मासेमारी बंद असते, तेव्हा हीच पुंजी.
डबा: फुगलेला, गंजलेला, सांध्यावर चेपलेला घेऊ नये. उघडताना फसफसला तर चाखूनही पाहू नये.
उघडलेला डबा: उरलेला मासा स्टीलच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये, दोन दिवसांत संपवावा. पत्र्याला आतून कथलाचा किंवा लाखेसारखा मुलामा असतो. तो गेला तर कल्हई उडालेल्या पितळेत आंबट कळकतं, तसाच प्रकार.
जपून: सुकट म्हणजे जवळा, ती बारीक कोळंबी, कोळंबीचं वावडं असणाऱ्यांनी टाळावी. रक्तदाबवाल्यांनी खारा बांगडा, युरिक अ‍ॅसिडवाल्यांनी तारली बेतानं.

चुलीवर

सुकटीची चटणी आमच्याकडं अशी होते. सुकट आधी कोरड्याच तव्यावर मंद भाजायची. ती कुरकुरीत झाली की चाळणीत घेऊन हलवायची, वाळू आणि मिशा खाली पडतात. मग कोमट पाण्यातून दोनदा झटपट काढायची. भिजत घातली तर चव पाण्यात जाते. करडईच्या तेलात ठेचलेला लसूण, भरपूर कांदा, काळं तिखट, सुकट, शेवटी शेंगदाण्याचं कूट. वरून लिंबू किंवा चिंचेचा कोळ.

आंबटाशिवाय मासा नाही, यामागं कारण आहे. माशाचा जो वास येतो तो मुख्यतः अमोनियाच्या कुळातल्या एका उडून जाणाऱ्या द्रव्याचा. आंबटाशी गाठ पडली की त्याचा क्षार होतो, आणि क्षार उडत नाही. वास रशात राहतो, नाकापर्यंत येत नाही. भाजल्यानंही तो बराच उडतो, फक्त शेजारच्यांच्या दिशेनं.

डब्यातला मासा आधीच शिजलेला असतो, हे विसरलं की सगळं बिघडतं. त्याला कांद्याबरोबर परतलं तर पाच मिनिटांत लगदा. तेलातली तारली असेल तर डब्यातलं तेलच फोडणीला घ्यावं, ओमेगा-३ त्यातही उतरलेलं असतं. त्यात लसूण-कांदा, मग येसराची पातळ आमटी नेहमीसारखी उकळू द्यावी. मीठ निम्मं, कारण मासा खारट आहे. गॅस बंद करायच्या दोन मिनिटं आधी तारली अलगद सोडायची आणि पळी घालायची नाही. दुसरा उपाय पिठल्याचा: तारली काट्यासकट हातानं कुस्करून घट्ट पिठल्यात मिसळायची. एका डब्यात चौघं जेवतात आणि मूल काट्याला घाबरत नाही. मासवडीत मासा नसतो ही जुनी तक्रार. या पिठल्यात निदान असतो.

कुकरचा प्रयोग

डबा मिळत नसेल तर काटे विरघळवण्याचं काम घरीही होतं. धरणातली बोटभर-वीतभर लहान मासळी घ्यावी, जी बाजारात वाटा लावून स्वस्तात विकतात, कारण काट्यांमुळं कुणी उचलत नाही. पोट साफ करून कुकरच्या तळाला कांद्याच्या चकत्या, वर मासे, त्यावर चिंचेचा कोळ, तिखट, मीठ, हळद आणि पाणी. पहिल्या शिट्टीनंतर आच अगदी बारीक करून पाऊण तास. पाणी बेताचं पण पुरेसं हवं, इतक्या वेळात ते आटतं. दाब आपोआप उतरू द्यायचा. मग एक मासा बाहेर काढून त्याचा कणा अंगठ्यानं दाबून बघायचा. पिठासारखा फुटला तर झालं, टोचला तर आणखी पंधरा मिनिटं. चिंचेमुळं काट्यातलं थोडं कॅल्शियम रशात उतरतं, म्हणून रस्सा भाकरीनं पुसून घ्यायचा.

हे कालवण मात्र त्याच दिवशी संपवायचं, उरलं तर फ्रिजमध्ये. बरणीत भरून वर तेल ओतून फळीवर ठेवायची हौस अजिबात करू नये. कारखान्यातला डबा आधी बंद होतो आणि मग तापतो. आपल्या कुकरचं झाकण तापल्यावर उघडतं.